काजूच्या पानाखालची छिद्रं मोजून द्या म्हणणारे काका

दक्षिण सोलापूर तालुक्यातले एक शेतकरी काका एप्रिलमध्ये आमच्या बॉटनीच्या लॅबला आले, ओल्या फडक्यात गुंडाळलेली काजूची पानं घेऊन. सोलापुरात काजू, पोरं बघतच राहिली. काकांनी बोरच्या जिवावर थोडी कलमं लावलीत, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या कोकणातल्या वेंगुर्ल्याच्या जाती, आणि येत्या पावसाळ्यात अजून दोन एकर लावायचा विचार आहे. म्हणाले, "मॅडम, ज्याच्या पानाला छिद्रं कमी ते झाड पाणी कमी पितंय म्हणं. तेवढं मोजून सांगा की, तीच जात आणतो."

प्रश्न मला फार आवडला, आणि अवघडही वाटला, कारण माझ्या उत्तरावर त्यांचे दोन एकराचे पैसे जाणार होते. वेंगुर्ल्याकडं वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आपल्याकडं साडेपाचशेच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. ४ ही १९८१ ची जात, ७ ही १९९७ ची, तिची बी मोठी, जवळपास १० ग्रॅमची, पण दोन्ही वाढल्या त्या कोकणच्या हवेत.

काजूचं पान जाड, त्याची साल नीट सोलून निघत नाही, म्हणून आम्ही ट्रान्सपरंट नेलपॉलिश वापरतो. पानाच्या खालच्या अंगाला पातळ थर द्यायचा, सुकला की सेलोटेपनं अलगद उचलून स्लाइडवर चिकटवायचा, पर्णरंध्रांचा, म्हणजे काकांच्या त्या छिद्रांचा, ठसा जसाच्या तसा येतो. खालचंच अंग का, तर काजूची रंध्रं तिथंच असतात. ४० च्या ऑब्जेक्टिव्हला आमच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसणारं वर्तुळ ०.४५ मिलिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ०.१६ चौरस मिलिमीटर, त्यामुळं मोजलेल्या आकड्याला सव्वासहानं गुणलं की एका चौरस मिलिमीटरमधली रंध्रं मिळतात. जातीची नावं झाकून स्लाइडवर नुसतं अ आणि ब लिहिलं आणि मोजायला एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी बसवली, म्हणजे मनात आधीच काही धरून मोजणं नको.

फरक निघाला, आणि चांगला ठळक निघाला. ब मध्ये रंध्रं स्पष्ट कमी. काकांनी लगेच नर्सरीला लावायला फोन काढला. मी म्हटलं थांबा काका, ही पानं झाडाच्या कुठल्या अंगाची तोडली? तर अ बांधावरच्या उघड्या झाडाचं, आणि ब कडुलिंबाच्या सावलीतल्या झाडाचं, तेही आतल्या फांदीचं.

मग त्यांच्या मुलाला फोन केला, की एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली पानं वेगवेगळ्या पिशवीत आण, दोन्ही जातींची. पोरगं भर दुपारच्या उन्हात गाडीवर घेऊन आलं, खरंच कौतुक वाटलं त्याचं. परत ठसे, परत मोजणी. एकाच झाडाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या पानातला फरक सकाळच्या दोन जातींतल्या फरकापेक्षा मोठा आला! सावलीत पान पसरट होतं, बाह्यत्वचेच्या, म्हणजे पानाच्या सालीच्या, पेशी मोठ्या होतात आणि तीच रंध्रं जास्त जागेत विखुरतात, शिवाय मुळातही थोडी कमीच तयार होतात.

यासाठीच सॅलिसबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये नुसती संख्या न धरता स्टोमॅटल इंडेक्स मांडला, म्हणजे रंध्रं आणि बाकीच्या पेशी मिळून जी संख्या होते त्यात रंध्रं किती टक्के. तो काढल्यावर उन्ह-सावलीचा फरक बराच आवळला, आणि जातीजातीत थोडासा उरला. कुठली जास्त कुठली कमी ते इथं मुद्दाम लिहीत नाही, एका बांधावरच्या मोजक्या झाडांवरून कुठल्या जातीवर शिक्का मारायला माझं मन घेत नाही.

काकांना बसवून सांगितलं, की छिद्रं किती एवढ्यावर पाण्याचा हिशोब होत नाही. छिद्र केवढं आहे आणि कोरडी हवा लागली की किती पटकन मिटतं, ते तितकंच महत्त्वाचं. पुष्कळ झाडांत बारीक रंध्रं लवकर मिटतात, म्हणजे संख्या जास्त असूनही झाड दुपारी पाणी राखू शकतं. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग मॅडम, दोन्ही लावून बघू का?"

मला तेच पटलं. दोन्ही जाती एकाच उघड्या रानात, एक ओळ हिची एक ओळ तिची, ठिबक सारखंच, आळ्यात पाचटाचं आच्छादन. आणि पानं आणायची तर प्रत्येक झाडाच्या दक्षिण अंगाच्या, उन्हातल्या फांदीची, शेंड्याकडनं चौथं पक्कं पान, तांबूस कोवळं नको, ठसा घ्यायचा तो मधली शीर आणि कड यांच्या मधोमध. हे सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, मुलानं त्याचा मोबाईलवर फोटोही काढून घेतला. यंदा दोन एकर नको, आधी अर्ध्या एकरात करू असं बापलेकांचं लॅबमध्येच ठरलं.