लोणंद ते बरड, एका खुब्यासकट

पंढरपूरपर्यंत नको, पालखी आपल्या सातारा जिल्ह्यातून जाते तेवढंच चल, असं वन्संनी सुचवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. वन्सं कितीतरी वर्षांपासून रथामागच्या एका दिंडीत आळंदीपासून चालतात. त्यांना माझं कारण हवं होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मला चालायची भीती नव्हती. चालल्यावर काहीतरी दुखेल, आणि दुखलं की ते कशामुळे, हा विचार सुरू होईल, याची भीती होती.

2021 मध्ये कॅन्सरमुळे माझा डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. त्या वर्षी कोरोनामुळे माउलींच्या पादुकाही एसटीनं पंढरीला गेल्या. डोक्याला रुमाल बांधून मी ती बस टीव्हीवर पाहिली. आधी केमो, मग रेडिएशन, मग रोजची लेट्रोझोलची, हार्मोन कमी करणारी गोळी. उपचार चालू होते तोवर मी बरी होते, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण तेव्हा पुढची तारीख असायची, रक्त द्यायचं असायचं, आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी करतंय असं असायचं. शेवटचं रेडिएशन झालं, घरच्यांनी पेढे वाटले, आणि त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

दर खेपेला मी डॉक्टर मॅडमना म्हणायचे, एक सगळ्या शरीराचा पेट स्कॅन करून टाकू, म्हणजे एकदाचं कळेल. त्या दर खेपेला नको म्हणायच्या. सुरुवातीची वर्षं तीन ते सहा महिन्यांनी हातानं तपासणी, वर्षातून एकदा दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी, आणि तक्रार असेल तर त्या तक्रारीची तपासणी. काही त्रास नसताना स्कॅन आणि कॅन्सरच्या खुणा शोधणाऱ्या, मार्करच्या रक्ततपासण्या करत राहिल्यानं बाई जास्त जगते असं दिसलेलं नाही. उलट भलतंच काहीतरी निरुपद्रवी सापडतं आणि मागे सुया आणि बायोप्सी लागतात. सगळं पटायचं. रिक्षा दारात येईपर्यंत.

नातेवाईक म्हणतात, पाच वर्षं काढलीस की सुटलीस. माझा कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा, त्याला हा हिशेब लागू नाही. ट्रिपल निगेटिव्ह या दुसऱ्या प्रकारात परत येण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो आणि पाच वर्षांनंतर बराच खाली येतो. आमच्यात तो थोडाथोडा करून पुढेही चालू राहतो, म्हणून तर गोळी पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त. आणि शरीरात दुसरीकडे आलाच तर या प्रकारात तो बऱ्याचदा हाडांत येतो. आता खरी गंमत अशी की याच गोळीनं हाडं ठिसूळ होतात आणि सांधे दुखतात. म्हणजे ज्या दुखण्याची धास्ती घ्यायची, अगदी तसलंच दुखणं औषधही देतं! सकाळी उठून पहिली चार पावलं टाकताना रोज मनात तोच खटला उभा राहतो.

2024 च्या वारीआधी मॅडमना विचारलं तेव्हा त्या ठाम नाही म्हणतील अशी मला आशा होती. त्या म्हणाल्या, "चालणं तुमच्यासाठी चांगलंच आहे, जा की." फक्त डाव्या हातावर ओझं नको, कापू-खरचटू द्यायचं नाही, हाताला सूज येऊ नये म्हणून दाबाची बाही घालायची, गोळी चुकवायची नाही. मग एक गोष्ट त्यांनी माझ्या वहीत स्वतः लिहून दिली. नवं दुखणं दोन आठवडे एकाच जागी टिकलं, वाढत गेलं, झोपल्यावरही थांबेना, तर फोन करायचा. दम लागला किंवा नवी गाठ लागली तर लगेच. बाकीच्याला चालू द्यायचं.

साताऱ्याहून वाठारमार्गे लोणंदला उतरले तेव्हा गाव ओळखू येत नव्हतं. एरवी लोणंद म्हणजे कांद्याचा बाजार. आता जिकडे बघावं तिकडे राहुट्या, ट्रक, वाळत घातलेली लुगडी. वन्संनी दिंडीच्या मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. माझी पिशवी ट्रकमध्ये चढली, जेवणाखाण्याच्या भिशीचे पैसे दिले, आणि मी सगळ्यांसारखीच माउली झाले.

वारीतल्या आंघोळीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. बायका पहाटे तीनच्या सुमाराला उठतात, टँकरखाली नाहीतर एखाद्याच्या विहिरीवरच्या मोटारीखाली, अंधाराच्या भरवशावर उरकतात. माझ्या ब्लाउजच्या एका बाजूला विणलेला कापसाचा गोळा असतो. तो काढून कुठे ठेवायचा इथपासून प्रश्न होता. वन्सं समोर लुगडं धरून उभ्या राहिल्या, तरी शेजारच्या आजींच्या विजेरीचा उजेड नेमका माझ्या छातीवर पडला. आजी परभणीकडच्या. विजेरी त्यांनी घाईघाईनं फिरवली नाही, शांतपणे बाजूला केली आणि म्हणाल्या, "माझ्या भावजयीचं पण असंच काढलं होतं माय. गेली ती." 

हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी कितीतरी लग्नं, बारशी चुकवली आहेत. इथे अंगावर ओला परकर, पळणार कुठे? वन्संनी आजींना झापलं. आजींना काही कळेना, त्यांनी खोटं कुठे सांगितलं होतं! मग त्यांनी माझ्या डोक्यावर उरलेली अर्धी बादली ओतली आणि "आटप, तांबडं फुटतंय" म्हणून निघून गेल्या. चकित करणारी गोष्ट ही की मला रडू आलं नाही. कदाचित पाणी फार गार होतं म्हणून.

लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. वारकरी रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेनं स्वाराचा अश्व आणि त्याबरोबर माउलींचा अश्व दौडत जातो. माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. मी टाचा उंचावून पाहत होते, प्रत्यक्षात दिसली ती धूळ आणि माणसांच्या टोप्या. पण घोडे गेल्यावर टापांखालची माती उचलायला जी झुंबड उडाली तिच्यात मीही वाकले. मग फुगड्या सुरू झाल्या. एका ठुशीवाल्या बाईनं माझे दोन्ही हात धरले. डाव्या हातावर ती कातडीच्या रंगाची घट्ट बाही. "भाजलंय का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कॅन्सर झाला होता, त्याचं आहे." तिनं डावा हात सोडला, उजवाच दोन्ही हातांनी धरला आणि आम्ही एकहाती फुगडी घातली, जी दिसायला अगदीच बेंगरूळ होती. उजव्या हाताला रग लागली. तिचं मला काहीच वाटलं नाही, कारण कारण माहीत होतं.

तरडगाव ते फलटण मात्र विसेक किलोमीटर. काळज ओलांडलं आणि उजव्या खुब्यात कळ आली. खोल, हाडात असल्यासारखी. हरिपाठ चालू होता आणि माझ्या ओठांवर अभंगांऐवजी आकडे होते: गोळी सुरू होऊन किती वर्षं झाली, हाडांचा डेक्सा स्कॅन कधी केला होता, मुलीचं शिक्षण कधी संपेल. पुढे कुणीतरी लंगडत होतं, मागे कुणाची पोटरी धरली होती. रस्त्याकडेला पोरं म्हाताऱ्यांच्या पायांना तेल चोळत बसली होती. एवढ्या मोठ्या रांगेत न दुखणारा माणूस शोधावा लागला असता. त्यांचं दुखणं चालण्याचं होतं. माझंही तसंच असेल, असं म्हणायला मात्र जीभ उचलत नव्हती.

फलटणच्या अलीकडे आरोग्य विभागाच्या तंबूत शिरले. रक्तदाबाचा पट्टा घेऊन आलेल्या मुलीला म्हटलं, "डावा नको ताई, उजवा घ्या." तिथले डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांनी पाय फिरवून, दाबून पाहिला, बसल्यावर कळ कमी होते का, रात्री जाग येते का, विचारलं. दोन्ही उत्तरं बरी होती. ते म्हणाले, "आज तरी हे चालण्याचंच वाटतंय, पण तुमचा इतिहास बघता राहिलं तर दाखवाच." वहीतलंच वाक्य, फक्त अक्षर दुसऱ्याचं. मी तारीख लिहिली आणि पुढे दोन आठवडे मोजून त्या मंगळवारला गोल केला.

संध्याकाळी फलटणच्या विमानतळावर समाज आरती. पालखीच्या तंबूभोवती दिंड्या उभ्या, टाळ-मृदंग इतक्या जोरात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, वर केला आणि सगळं एका क्षणात बंद. फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. वन्सं कानाशी म्हणाल्या, "त्यांची तक्रार आहे. तक्रार असली की टाळ थांबवायचे नाहीत." चोपदार त्यांच्याकडे गेले, काय ते ऐकून घेतलं, मग तेही टाळ थांबले. पुढे हरवल्या-सापडल्याची यादी झाली: कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. मग आरती.

ही पद्धत कुणी बसवली असेल ते माहीत नाही, पण हा सोहळा ज्यांनी उभा केला ते हैबतबाबा आमच्या आरफळचे, याचा मला त्या रात्री उगाच अभिमान वाटला. राहुटीत आडवी झाले. अंगात काय काय वाजत होतं: टाचा, कंबर, काखेतला जुना ओढा, खुबा. मी एकेकाला चोप दाखवत गेले. खुबा सोडून बाकी सगळे गप्प झाले. ठीक आहे, वाज म्हटलं, त्या मंगळवारपर्यंत तुझी तक्रार ऐकून घेऊ. आणि झोप लागली. चांगली लागली, असं म्हणवत नाही. आजी घोरत होत्या.

बरडला हे गाडी घेऊन आले. पालखी पुढे धर्मपुरीकडे, सोलापूर जिल्ह्यात जाणार होती. आजींनी निरोप घेताना माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी डाव्या बाजूला. भावजयीचं नाव त्यांनी परत काढलं नाही, मीच विचारलं. ती शेवटपर्यंत शेतात जायची, म्हणाल्या, आणि फार भांडखोर होती.

खुबा घरी आल्यावरही दुखत होता. वन्सं पंढरपुरातून फोन करायच्या, "थांबलं का?" मी म्हणायचे, अजून नाही. तो मंगळवार यायच्या आधी कधीतरी तो थांबला. कोणत्या दिवशी ते सांगता येत नाही. कळ आली ती जागा, तो रस्ता, समोरच्या बाईच्या पातळाचा रंगसुद्धा आठवतो. ऑगस्टमध्ये मॅमोग्राफी झाली, ठीक निघाली. सप्टेंबरमध्ये खोकला झाला आणि वहीत नवा गोल पडला.

वन्सं म्हणतात, पुढच्या खेपेला बरडला थांबायचं नाही. निदान नातेपुत्याच्या पुढे, सदाशिवनगरचं गोल रिंगण तरी बघ. त्यांना सांगितलंय, घोडा दिसेल अशी जागा आधी धरून ठेवा, टोप्या बघायला मी येत नाही.