ट्रॅकवर जायची गाडी आणि फॉर्म 28

गाडीचं काम फार नव्हतंच. ब्रेक, टायर, ऑइल, अडकलेली गाडी ओढायचा टो-हुक, संपलं. वर्षातून एखाद-दोन वेळा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जायचं, मन भरेस्तोवर फेऱ्या मारायच्या आणि त्याच गाडीतून घरी परत यायचं, एवढीच माझी हौस. त्यासाठी सीटा काढून आत लोखंडी पिंजरा बसवायचा नव्हता. तरी सगळं इतकं लांबलं ते पान्या-पकडीमुळं नव्हे, कागदांमुळं. डोकं अजून पुरतं निवलेलं नाही, तेव्हा मधे कुठं सूर चढला तर सांभाळून घ्या.

गाडी फियाटची अबार्थ पुंटो. 2015 साली बाजारात आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत 9.95 लाख. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो. 1.4 लिटर टर्बो पेट्रोल, 145 बीएचपी, चारही चाकांना डिस्क. आपल्या रांजणगावातच बनायची. आता ती बंद झालीय, त्यामुळं जुन्या बाजारात त्या पैशात एवढी ताकद सहसा मिळत नाही, आणि एखादा पार्ट लागला की पुण्याला फोन करत बसावं लागतं, हेही तितकंच खरं. मला मिळाली ती महाराष्ट्र पासिंगची.

आमच्या बेळगावकडच्या सीमाभागात एमएच नंबरची गाडी म्हणजे काही नवल नाही. निपाणी सोडली, कोगनोळीचा टोल ओलांडला की महाराष्ट्र. अर्ध्या घरांची सोयरीक तिकडंच. ‘पाहुण्यांची गाडी आहे’ म्हणत वर्षानुवर्षं फिरवणारे आमच्या गल्लीतच आहेत. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 47 सांगतं की दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. आणि बेळगाव ते कोइमतूर साडेआठशे किलोमीटर, त्यातला बहुतेक रस्ता कर्नाटकातूनच: धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगळुरू. दर नाक्यावर ‘पाहुणे’ कुठून आणायचे? म्हटलं, सरळ केए नंबर घेऊन टाकू. चुलतभाऊ तेव्हाच हसला होता. ‘काय करूलैस गा? गाडी घेतलीस की कोर्टकेस?’

राज्य बदलायचं तर मूळ आरटीओ कार्यालयाची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला लागतो, तो फॉर्म 28. विक्रीचे 29 आणि 30. नव्या नंबरासाठी 27. आरसीवर कर्ज चढलेलं असेल तर ते उतरवायला 35. आधीच्या मालकानं कर्ज कधीच फेडलं होतं, पण बँकेचं नाव आरसीवर गोचिडासारखं चिकटलेलं. कर्ज फिटलं म्हणजे नाव आपोआप उतरतं असं बहुतेकांना वाटतं. उतरत नाही. बँकेकडून पत्र आणि सही-शिक्क्याचा 35 घेऊन आरटीओत वेगळं काम करावं लागतं. जिथून कर्ज घेतलं ती शाखा तोवर दुसऱ्या शाखेत मिसळलेली, आणि नव्या शाखेतल्या मॅनेजरबाईंना जुनी फाइल दिसेना. मालक भला माणूस, माझ्यासाठी स्वतः जाऊन बसला. म्हणून सांगतो, गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडण्याआधी आरसी उघडा. बँकेचं नाव दिसलं तर सौदा ठरवा, पण पूर्ण पैसे देऊ नका.

ते सुटलं तर ई-चलान. नो-पार्किंगचं, जुनं, मालकालाही आठवत नव्हतं. ते भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. तेही भरलं. मग अर्ज गेला आणि थांबला.

थांबला म्हणजे नुसता थांबला. नकार नाही, त्रुटी नाही, काही नाही. पोर्टलवर एकच ओळ, प्रलंबित. कलम 48 मी तोवर पाठ केलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की 30 दिवसांत नकार कळवला नाही तर एनओसी दिली असंच धरायचं. तिकडच्या कार्यालयात खिडकीवर मी हे कलम म्हणून दाखवलं. आतल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘कायदा मी पण वाचलाय हो. तुमच्याकडच्या कंप्युटरला तो वाचता येत नाही. स्क्रीनवर दिसल्याशिवाय ते तुमची फाइल हातात घेणार नाहीत.’ राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. इकडं येऊन विचारलं तर उत्तर एका शब्दात, ‘इल्ला.’ दिसत नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ‘सर्वर इल्ला.’ मग ‘नाळे बन्नी.’ उद्या या. आमच्या भागात तिन्ही भाषांत उद्या या म्हणतात, गैरसोय कुठल्याच भाषेत कमी होत नाही.

मधल्या काळात ट्रॅक डेची, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवू देतात त्या दिवसाची, एक तारीख निघून गेली. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली. मी रोज संध्याकाळी जाऊन स्टार्टर मारायचो, पाच मिनिटं चालवायचो, बंद करायचो. घरच्यांनी बोलणं सोडून दिलं होतं.

शेवटी एनओसी निघाली. कशी, कुणाच्या फोननं, ते मला आजही ठाऊक नाही. पोर्टलवरचा रंग बदलला एवढंच. मला वाटलं जिंकलो. पुढं टॅक्स उभा होता.

कर्नाटकात लाइफ टॅक्सचे टप्पे असे: गाडीची किंमत 5 लाखांपर्यंत 13 टक्के, 10 लाखांपर्यंत 14, 20 लाखांपर्यंत 17, त्यावर 18. जुन्या गाडीला वयाप्रमाणं त्यातला हिस्सा कमी होतो, पण टप्पा ठरतो तो मूळ किमतीवर. इकडच्या संगणकानं माझ्या गाडीची किंमत 10 लाखांच्या वर धरली. म्हणजे 14 चे 17. कुठल्या शहरातली किंमत, कुठल्या सालची, विचारायची सोय नाही. तेव्हा मूळ इन्व्हॉइस कामाला आलं. मालकानं पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पावत्या एका प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवल्या होत्या, आणि त्यावरचा आकडा 10 लाखांच्या आत होता. तो कागद काचेतून आत सरकवला तेव्हा क्लार्कनं चष्मा वर केला, कागद उजेडाला धरला, उलटून पाहिला, शिक्का बघितला आणि म्हणाला, ‘झेरॉक्स कोडी.’ झेरॉक्स द्या. त्या एका कागदानं मला जेवढे पैसे वाचवले तेवढ्यात ब्रेक पॅडचा पूर्ण सेट आला. विकणाऱ्याकडं मूळ इन्व्हॉइस मागाच. नाही म्हणाला तर शोरूममधून डुप्लिकेट काढून मागा. घासाघीस नंतर.

मग तपासणी. इन्स्पेक्टर गाडी प्रत्यक्ष बघतात आणि चेसिस नंबरची पेन्सिल-प्रिंट घेतात. पुंटोत तो नंबर पुढच्या उजव्या सीटच्या बाजूला, गालिच्याखाली फरशीत कोरलेला असतो. एजंटाच्या पोरानं गालिचा उचलला, आत वर्षांची माती. ओल्या फडक्यानं पुसली, त्यावर पातळ कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासत गेला. एकेक अक्षर पांढरं वर येताना बघून मला खरंच बरं वाटलं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते. या तपासणीआधी गाडीला हात लावू नका. सायलेन्सर मोठा, स्प्रिंगा कापून खाली बसवलेल्या, रंगीत फिल्म, असलं काही असेल तर कलम 52 पुढं येतं: कंपनीनं दिलेल्या तपशिलात बदल केलेली गाडी. मग तुमची फाइल कुठल्या ढिगाखाली जाईल सांगता येत नाही. आधी कागद, मग पाना. आणि ज्यांना महिन्याला एकदाही ट्रॅकवर जायचं नाही त्यांनी खरं तर कापाकापी करूच नये. आमच्या रस्त्यांवर खाली बसवलेली गाडी चालवून बघा, मग बोला.

नवा नंबर आला की हाय सिक्युरिटी प्लेट नवी आणि फास्टॅगही नवा, कारण तो गाडीच्या नंबराला बांधलेला असतो. हे टोलवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. इन्शुरन्सही आपल्या नावावर लगेच करून घ्या. मात्र साध्या मोटर पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर भिंतीला ठोकलीत तर खर्च तुमच्या खिशातला. हे मान्य असेल तरच जा.

गाडीचं काम बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत झालं, आणि तिथं मला एकही कागद कुणी मागितला नाही. एका लेथवाल्या मामांकडं चारही डिस्क फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला दिल्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्यांनी व्हर्नियर लावून आधी ती मोजली आणि मागच्या दोन बाजूला काढल्या. ‘सावकार, ह्या घासल्या तर पातळ होतील. नव्या घ्या.’ त्यांना धंदा सोडून हे सांगायची काही गरज नव्हती.

ट्रॅकवर सगळ्यात आधी जातो तो ब्रेक, इंजिन नव्हे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आणि आमच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. नव्या डॉट 4 चा उकळबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस. ओलावा शिरला की तो 155 पर्यंत उतरू शकतो. उकळलं की आत वाफ, आणि पेडल थेट फरशीला. डॉट 5.1 चे आकडे 260 आणि 180. ते डॉट 4 च्या जागी चालतं. नुसतं डॉट 5 म्हणतात ते सिलिकॉनचं, त्याला हात लावू नका. जुनं ऑइल पूर्ण काढून, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून ब्लीडिंग करा, म्हणजे नळ्यांतली हवा काढा. पॅड जास्त तापमान झेलणारे घ्या, पण घरचे जुने पॅड डिकीत ठेवा. परतीचे साडेआठशे किलोमीटर त्यांनाच ओढायचेत.

टो-हुक राहिला. जुन्या गाडीच्या टूलकिटात जॅक असतो, हुक नसतो. ट्रॅकवरच्या तपासणीत तो हमखास बघतात. मी स्क्रॅपमधल्या दुसऱ्या पुंटोचा मिळवला. वेल्डिंग करून जुगाड हुक बसवू नका, वाळूत रुतलेली गाडी ओढताना तो सुटला तर बंदुकीच्या गोळीइतका धोकादायक.

कारीचा ट्रॅक 2.1 किलोमीटरचा. सत्र लहानच असतं, आणि ते बरंच आहे, कारण रस्त्यावरची गाडी सलग पळवायची नसतेच. चार-पाच फेऱ्या जोरात, मग एक फेरी ब्रेकला न शिवता थंड करत. पिटमध्ये, ट्रॅकशेजारच्या थांब्यावर आलात की हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला दाबून धरला तर तिथंच डाग धरतो आणि पेडल थरथरायला लागतं. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. टायरच्या खांद्यावर खडूनं रेघ मारा. पुसली गेली तर हवा कमी आहे, अर्धी राहिली तर बरोबर. हवा गरम टायरमध्येच मोजा, ती वाढलेली असते, तेवढी सोडून द्या. पुंटोला नट नव्हे, बोल्ट असतात. दर सत्रानंतर टॉर्क रेंच लावून बघा, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नका, लांब वळणावर पंपाला हवा मिळते. पायपोस, पाण्याच्या बाटल्या, स्टेपनी, जॅक, सगळं बाहेर. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळव्याचे बूट. हेल्मेट कुठलं चालतं ते संयोजकांना आधीच विचारा, दारात वाद घालू नका.

इंजिनाचा रिमॅप करू का, म्हणजे कंप्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवू का, असं खूप जण विचारतात. मी केला नाही. पहिल्या वळणात मला माझ्याकडची 145 च जास्त वाटली.

राहता राहिला महाराष्ट्रात भरलेला लाइफ टॅक्स. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदली की उरलेल्या वर्षांचा हिस्सा परत मागता येतो. नव्या आरसीची प्रत जोडून अर्ज दिलाय, पोच घेतलीय, तिच्या तीन झेरॉक्सही काढून ठेवल्यात. त्या पैशातून पुढच्या वेळचे टायर घ्यायचा बेत आहे. टायरवाल्याला मात्र अजून काही बोललेलो नाही.