अडुसष्ट क्रेडिट आणि सत्तावीस कास्टिंग

आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतील, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातील, दोन तरुण अभियंते यंदा नोकरी सोडून एम. टेक.ला प्रवेश घेत आहेत. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दोघेही माझ्या टेबलापाशी आले आणि पदवी हातात पडेपर्यंत नेमके काय काय पूर्ण करावे लागते, असे त्यांनी मला विचारले. सुट्टी संपायला दहा मिनिटे उरली होती, त्यामुळे मी जे सांगितले ते अपुरेच राहिले. दोन वर्षांच्या या पदवीसाठी मला स्वतःला दोन वर्षे आणि आठ महिने लागले, आणि वरचे आठ महिने कशाने लागले हे मला आज अगदी स्पष्ट दिसते. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर लिहिते आहे.

प्रवेशाचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती सहज मिळते. अभियांत्रिकीच्या पदवीला किमान पन्नास टक्के गुण लागतात आणि महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गासाठी ही अट पंचेचाळीस टक्क्यांची आहे. प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेतून होतात आणि त्यात गेट ही देशपातळीवरील परीक्षा उत्तीर्ण उमेदवारांना आधी संधी मिळते. गेटचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य धरला जातो, त्यामुळे शेवटच्या वर्षात दिलेली परीक्षा दोन वर्षे नोकरी केल्यानंतरही उपयोगी पडू शकते. माझ्या बाबतीत तसेच झाले. गेटवर प्रवेश मिळाल्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडून दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन जास्तीत जास्त चोवीस महिने मिळते. ही मुदत वाढत नाही. अभ्यासक्रम लांबला तर पुढच्या महिन्यांचा खर्च घरून करावा लागतो, हे नोकरी सोडणाऱ्याने आधीच हिशोबात धरलेले बरे.

आता मुख्य विषयाकडे येते. मी २०१८ साली प्रवेश घेतला, त्याच वर्षी तंत्रशिक्षण परिषदेचा नमुना अभ्यासक्रम आला होता आणि त्यात संपूर्ण एम. टेक. ६८ क्रेडिटचे होते. पहिल्या दोन सत्रांना प्रत्येकी १८ आणि पुढच्या दोन सत्रांना प्रत्येकी १६, अशी त्याची विभागणी होती. आठवड्याला एक तास व्याख्यान असेल तर सत्राअखेर एक क्रेडिट मिळते, आणि प्रात्यक्षिकाच्या दोन तासांना एक क्रेडिट मिळते. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आल्यापासून वर्षाला ४० क्रेडिटचा हिशोब रूढ होत आहे, त्यामुळे आता प्रवेश घेणाऱ्यांच्या नियमपुस्तिकेत ८० हा आकडा दिसण्याची शक्यता अधिक आहे. कोल्हापूर परिसरातील काही महाविद्यालये स्वायत्त आहेत आणि काही शिवाजी विद्यापीठाच्या नियमांनी चालतात. म्हणून मित्राच्या महाविद्यालयातील नियम आपल्यालाही लागू होईल असे गृहीत धरू नये. आपल्या तुकडीला लागू असलेली नियमपुस्तिका पहिल्याच आठवड्यात मिळवावी आणि ती पूर्ण वाचावी.

त्या ६८ क्रेडिटमध्ये मुख्य विषय, ऐच्छिक विषय, प्रयोगशाळा, संशोधन पद्धती व बौद्धिक संपदा हा दोन क्रेडिटचा विषय, सेमिनारसह मिनी प्रोजेक्ट आणि दुसऱ्या शाखेतून निवडायचा एक मुक्त ऐच्छिक विषय हे सर्व येते. ऑडिट कोर्सला क्रेडिट नसते, म्हणून विद्यार्थी त्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु तो उत्तीर्ण झाल्याची नोंद नसेल तर निकाल अडकतो. हे सर्व मोजून झाल्यावर उरतात ते २६ क्रेडिट एकट्या प्रबंधाचे आहेत: तिसऱ्या सत्रात दहा आणि चौथ्या सत्रात सोळा. म्हणजे पदवीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग अशा एका कामावर उभा असतो, ज्याचे वेळापत्रक महाविद्यालय लावून देत नाही. सर्व लेखी विषय चांगल्या गुणांनी सुटलेले, तरी पदवी नाही, अशी माणसे माझ्या ओळखीत आहेत. त्यांतील बहुतेकांनी दुसऱ्या सत्रानंतर नोकरी धरली आणि प्रबंध नंतर करू असे म्हटले. तो राहून गेला.

माझा विषय ग्रीन सँडमध्ये, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यात, ओतलेल्या कास्ट आयर्नच्या कास्टिंगमधील ब्लो होलचा (वायूमुळे आत राहणाऱ्या भोकांचा) होता. ट्रॅक्टरचे एक ब्रेक हाउसिंग मशिनिंगला जाईपर्यंत वरून स्वच्छ दिसायचे आणि फेस मारल्यावर, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट केल्यावर, कातडीखालची बारीक भोके उघडी पडायची. वाळूतील ओलावा, बेंटोनाइटचे (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीचे) प्रमाण, मोल्डचा कठीणपणा आणि धातू ओतण्याचे तापमान हे चार घटक मी निवडले आणि प्रत्येकाच्या तीन पातळ्या ठरवल्या. सर्व जोड्या करून पाहायच्या तर ८१ प्रयोग करावे लागले असते. मोजक्याच जोड्यांतून प्रत्येक घटकाचा परिणाम तपासणाऱ्या तागुची पद्धतीतील एल-नऊ मांडणीने ते काम नऊ प्रयोगांवर आले, आणि प्रत्येक प्रयोगात तीन याप्रमाणे एकूण सत्तावीस कास्टिंग ओतायचे ठरले. कागदावर ही एका आठवड्याची कामगिरी दिसत होती.

प्रत्यक्षात चालू कारखान्यात वाळूचा ओलावा मुद्दाम बदलणे म्हणजे त्या दिवशीचे उत्पादन धोक्यात घालणे असते. मालकांनी मला तोंडी होकार दिला होता. परंतु लेखी परवानगी, भागाचे ड्रॉइंग प्रबंधात न छापण्याची हमी आणि काम त्यांच्याकडे केल्याचे प्रमाणपत्र, हे तिन्ही कागद मी वेळेवर मागितले नाहीत. जुलै २०१९ मध्ये तिसरे सत्र सुरू झाले. ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कारखाने सावरेपर्यंत कोणाला प्रयोगाविषयी विचारणेही योग्य वाटेना. तोपर्यंतची दिरंगाई मी समजू शकते. पण दिवाळीनंतर भट्टी पूर्ण क्षमतेने चालू असताना मी संदर्भवाचनातच रमले, पहिल्या टप्प्याच्या सादरीकरणात केवळ वाचन आणि नियोजन दाखवले, त्यावर समितीने समाधान व्यक्त केले आणि मी प्रयोग मार्चवर ढकलले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. भट्ट्या बंद झाल्या आणि कामगार आपापल्या गावी गेले. माझ्याच वर्गातील एका मित्राने फेब्रुवारीअखेर आपले सर्व प्रयोग संपवले होते. त्याने घरी बसून प्रबंध लिहिला आणि तो वेळेत सुटला. आमच्या दोघांच्या हुशारीत फारसा फरक नव्हता, फरक होता तो त्या चार महिन्यांचा.

अखेर २०२०च्या उत्तरार्धात, आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या पाळीच्या शेवटी मला मलर, म्हणजे साच्याची वाळू मळणारे यंत्र, वापरायला मिळू लागला. तेथील वाळू विभागाचे फोरमन तीस वर्षे हेच काम करत आलेले होते. पहिल्या दिवशी माझा तक्ता पाहून ते म्हणाले, "मॅडम, वाळू मुठीत दाबली की कळतंय. त्याला नऊ प्रयोग कशाला पायजेत?" त्यांनी मलरमधून मूठभर वाळू घेतली, दाबली आणि मूठ उघडली. चारही बोटांचे ठसे त्या लाडवावर स्वच्छ उमटले होते. मग दोन्ही हातांनी त्यांनी तो मधोमध मोडला. कडा सरळ तुटली आणि तळहाताला वाळू चिकटली नाही. "साडेतीन," ते म्हणाले. मी त्याच वाळूतील सहा ग्रॅम नमुना मोजून ओलावा मोजणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडच्या उपकरणात घातला, ते हलवले आणि काटा स्थिरावण्याची वाट पाहिली. काटा ३.४ टक्क्यांवर थांबला. त्यानंतर प्रत्येक नमुन्याला त्यांचा अंदाज आणि उपकरणाचा आकडा असे दोन रकाने मी वहीत ठेवले, आणि मार्गदर्शकांच्या संमतीने ते प्रबंधाच्या परिशिष्टात घेतले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सर्वाधिक वेळ त्याच पानावर घालवला.

मार्गदर्शकाविषयी एवढेच सांगेन की विषय आवडला म्हणून मार्गदर्शक निवडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भेटतील असे मार्गदर्शक पाहून त्यांच्या कामाच्या परिघात विषय शोधणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. माझे मार्गदर्शक दर गुरुवारी वही तपासत. महिनाभर वही कोरी राहिली की ते रागावत नसत, फक्त तारीख घालून सही करत. त्या कोऱ्या पानांवरच्या सह्या मला फार बोचल्या.

क्रेडिटच्या हिशोबातील माझी चूकही सांगायला हवी. तिसऱ्या सत्रातील ऐच्छिक विषयाऐवजी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा बारा आठवड्यांचा कोर्स घेण्याची सोय होती. मी धातुशास्त्राचा एक उत्तम कोर्स निवडला, साप्ताहिक गृहपाठ नियमित केले, परीक्षा दिली आणि प्रमाणपत्र मिळवले. चौथ्या सत्रात गुणपत्रक पाहिले तेव्हा त्याचे तीन क्रेडिट दिसेनात. तो कोर्स अभ्यास मंडळाने त्या सत्रासाठी मंजूर केलेल्या यादीत नव्हता आणि नोंदणीपूर्वी लेखी परवानगी घेण्याची अट मी वाचलेली नव्हती. विभागातील कोणीतरी तोंडी "चालेल" म्हटले होते, त्यावर मी विसंबले. पुढच्या तुकडीबरोबर मला तो विषय पुन्हा घेऊन परीक्षा द्यावी लागली. कोर्स शिकून मला फायदाच झाला, पण पदवीच्या हिशोबात त्याची किंमत शून्य राहिली. म्हणून आधी लेखी मंजुरी घ्यावी आणि मग नोंदणी करावी. तसेच प्रत्येक सत्राच्या निकालानंतर आपले क्रेडिट आपण स्वतः बेरीज करून पाहावेत आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील (विद्यार्थ्याच्या क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेतील) आपल्या खात्यात ते जमा झाले आहेत का, हेही तपासावे.

प्रबंध लिहून झाल्यावर साधर्म्य तपासणी होते, म्हणजे त्यातील मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे पाहिले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य चालते. दहा ते चाळीस टक्के निघाल्यास सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून प्रबंध पुन्हा सादर करावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असल्यास एक वर्षभर सादर करता येत नाही, आणि साठच्या पुढे गेल्यास नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाण समीकरणे आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे यात धरली जात नाहीत, तसेच सर्वसामान्य शब्दप्रयोग सलग चौदा शब्दांपर्यंत जुळले तरी दोष मानला जात नाही. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात तेवीस टक्के साधर्म्य निघाले. मी कोणाचे संशोधन उचलले नव्हते. आयएस १९१८ या मानकातील वाळूच्या चाचण्यांची कृती मी जशीच्या तशी उतरवली होती आणि संदर्भवाचनाच्या प्रकरणात इतरांच्या गोषवाऱ्यांतील वाक्ये थोडी फिरवून लिहिली होती. दुरुस्ती करताना मी मानकाचा केवळ क्रमांक दिला आणि आमच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय केले ते माझ्या वाक्यांत लिहिले. ते प्रकरण अकरा पानांनी कमी झाले आणि वाचायला कितीतरी बरे झाले. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून जुने प्रबंध वाचताना मला हा फरक आधी का जाणवला नाही, याचे वाईट वाटते. चांगल्या प्रबंधांत लेखकाचा स्वतःचा हात तेथेच दिसतो.

शोधनिबंधाची अट काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. असेल तर पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नये. एखाद्या परिषदेत प्रामाणिकपणे वाचलेला निबंध त्याहून मोलाचा आहे.

तोंडी परीक्षा एप्रिल २०२१ मध्ये ऑनलाइन झाली. परीक्षकांचा पहिला प्रश्न निष्कर्षांवर नव्हता. सर्वोत्तम ठरलेल्या पातळ्यांवर पडताळणीचा प्रयोग पुन्हा केला का, असे त्यांनी विचारले. मी तो वेगवेगळ्या दोन दिवशी केला होता आणि त्या कास्टिंगचे कापलेले तुकडे माझ्या टेबलावरच होते. मी ते कॅमेऱ्यासमोर धरले. तागुची पद्धत वापरणाऱ्या प्रत्येकाने पडताळणीचा हा प्रयोग करायलाच हवा, आणि घाईत असलेले विद्यार्थी नेमका तोच सोडतात.

त्यानंतर राजारामपुरीतून काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत बाइंडिंग करून आणलेल्या प्रती, ग्रंथालय व प्रयोगशाळांचे ना-हरकत दाखले, शेवटचे गुणपत्रक, तात्पुरते प्रमाणपत्र आणि दीक्षान्त समारंभासाठीचा स्वतंत्र अर्ज एवढे उरते. हा अर्ज आपण भरला नाही तर मूळ पदवी आपोआप घरी येत नाही, हेही त्या दोघांना सांगायचे राहिले होते.

दोघांपैकी एकाला कोअरच्या (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या) वायूंवर काम करायचे आहे, दुसऱ्याने अजून काही ठरवलेले नाही. येत्या शनिवारी पाळी सुटल्यावर मी दोघांनाही मलरपाशी घेऊन जाणार आहे. ते फोरमन या दिवाळीला निवृत्त होत आहेत, आणि परवानगीच्या पत्राचा मसुदा मी आजच मालकांकडे पाठवला आहे.