दिवे लावले, आता बॅटरी कोण बदलणार?

कॉलेजच्या पोरांना वस्तीत जाऊन सोलर दिवे वाटायला काय लागतं हो? देणग्या गोळा करायच्या, एक रविवार जायचं, फोटो टाकायचे, झालं. खरी गंमत तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते, जेव्हा बॅटरी मान टाकते आणि दिवे लावणारी सगळी पोरं पास आऊट होऊन कुठल्या कुठं गेलेली असतात. साधी लेड ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते, तीही नीट वापरली तर.

माझ्या ओळखीतली एक स्टुडंट लीडर मला म्हणूनच आवडते. ती पहिल्याच मीटिंगला विचारते की बॅटरी बदलायचे पैसे कोण देणार, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पॅनलची ऑर्डर देऊ देत नाही. निम्मा ग्रुप वैतागतो. वैतागू देत.

तिच्या सर्व्हेत 'घरात वीज आहे का' हा प्रश्नच नाही, कारण उत्तर हो असंच येणार, मीटर भिंतीवर असतोच ना! ती विचारते काल अंधार पडल्यावर लाईट किती वेळ होती, फोन कुठं चार्ज केला, प्रीपेड मीटरमधले पैसे संपले की किती दिवस तसेच काढता. एका घरात आजींनी फ्रीज उघडून दाखवला तर आत घड्या घातलेले कपडे, कारण फ्रीज चालवायची ऐपत नाही आणि विकवतही नाही. वर्ल्ड बँकेनं २०१५ मध्ये घराला प्रत्यक्षात किती वीज मिळते ह्याची पायऱ्यांनी मोजणी आणली ती ह्याचसाठी, शून्य ते पाच, पहिल्या पायरीला दिवसाला किमान चार तास वीज आणि त्यातला एक तास संध्याकाळचा, म्हणजे एखादा दिवा आणि फोन, बास. पाचवीला २३ तास. तार घरापर्यंत आली की काम झालं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मग ती वहीत हिशोब मांडते, घरातल्यांच्या शेजारी बसून. बॅटरी १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवर, म्हणजे गुणाकार करून २४० वॉट-अवर (एक वॉटची वस्तू तासभर चालली की एक वॉट-अवर गेला), पण लेड ॲसिड रोज निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते म्हणून हाताशी १२० च धरायचे. पाच वॉटचे तीन एलईडी पाच तास लावले की ७५ गेले, दोन फोन चार्ज केले की अजून तीसेक, मग राहिलं काय? ज्यानं हा हिशोब स्वतः केलाय तो टीव्ही जोडत नाही, किंवा जोडलाच तर दिवा बंद करून बघतो. नुसता 'टीव्ही लावू नये' असा बोर्ड लावून काही होत नाही (मी बघितलंय, बोर्डाच्या खालीच टीव्ही चालू होता).

चुलीपुढं मात्र तिचंही फारसं चालत नाहीये. २०२३ साली जगात ६६ कोटींवर लोकांकडे वीज नव्हती, पण स्वयंपाकाला स्वच्छ इंधन नसलेले साधारण २१० कोटी, म्हणजे तिपटीहून जास्त, आणि डब्ल्यूएचओच्या अंदाजानं चुलीच्या घरातल्या धुरामुळे २०२० साली ३२ लाख माणसं गेली. तरी सगळे स्टुडंट ग्रुप दिव्यांच्याच मागे, कारण दिवा एका दिवसात लागतो आणि फोटोत दिसतो! सुधारित चूल दिली तरी बायका जुनी शेजारी ठेवतातच, आणि बरोबरच आहे त्यांचं, मोठं भांडं नवीवर बसत नसेल तर काय करायचं? त्यामुळे तिच्या ग्रुपनं आता चुली बाजूला ठेवून आधी घराघरांतली सगळ्यात मोठी भांडी मोजायला घेतलीत, टेप घेऊन.

बॅटरीच्या पैशांचं म्हणाल तर प्रत्येक घर महिन्याला थोडे टाकतं, खातं वस्तीतल्याच दोन बायकांच्या नावावर, ग्रुपमधल्या कुणाच्याही नाही. फ्यूज बदलणं, टर्मिनल साफ करणं, पॅनलवरची धूळ पुसणं हे तिथल्याच दोन पोरांना शिकवलंय. ती यंदा पास आऊट होतेय. वही ज्युनिअर्सकडे गेलीये. काही घरांचे हप्ते थकलेत, त्यावरून बायकांची आपसात जोरदार भांडणं चालू आहेत असं ऐकलं, आणि ग्रुपनं त्यात अजिबात पडायचं नाही असं तिनं ज्युनिअर्सना बजावलंय.