इंटरप्ट दिला, पण पोचला नाही

सकाळी पोचलो तेव्हा निरोप वाट पाहत होता. रात्री लाइव्ह मायग्रेशननं, म्हणजे चालू असतानाच एका होस्टवरून (खऱ्या मशीनवरून) दुसऱ्यावर हलवलेला एक गेस्ट, म्हणजे आभासी मशीन, अर्धवट जिवंत होता. पिंगला उत्तर येत होतं, पण लॉगिन करायला गेलं की पासवर्डनंतर सगळं थिजायचं. दोन व्हीसीपीयूंचा (आभासी प्रोसेसरांचा) हा गेस्ट जवळजवळ रिकामा बसलेला. त्याच रात्री कामानं भरलेले गेस्ट त्याच वाटेनं सुखरूप गेले होते. ही गोष्ट मी वाचली आणि बाजूला ठेवली. तिथेच थांबायला हवं होतं.

कारण माझा संशय आधीच ठरला होता: हरवलेली जाग. गेस्ट एचएलटी ही 'काम नाही, थांबतो' अशी सूचना चालवतो, हायपरवायझर (गेस्ट चालवणारा प्रोग्राम) प्रलंबित इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला लक्ष द्यायला लावणारे इशारे, तपासतो, काही नाही म्हणून व्हीसीपीयूला झोपवतो; नेमक्या त्या फटीत दुसरा थ्रेड इंटरप्टचा बिट लावून जातो आणि उठवायला कोणी उरत नाही. म्हणून 'मी झोपतोय' ही खूण आधी करायची, मग मेमरी बॅरिअर (हा क्रम उलटू न देणारी सूचना), मग तपासणी. तो सगळा कोड मी दुपारपर्यंत ओळीओळीनं वाचला. क्रम बरोबर होता.

मग अडकलेल्या व्हीसीपीयूचा आभासी लोकल एपिक, म्हणजे त्याचे इंटरप्ट सांभाळणारा भाग, उघडून पाहिला. त्यात २५६ बिटांची दोन रजिस्टरं महत्त्वाची. आयआरआर म्हणजे आलेले पण अजून न दिलेले इंटरप्ट. आयएसआर म्हणजे दिलेले, पण गेस्टनं ज्यांचा ईओआय ('काम झालं' ही खूण) अजून लिहिलेला नाही असे. आयएसआरमध्ये २३६ होता, त्या गेस्टचा टायमर. आयआरआरमध्ये ३७, म्हणजे डिस्क. व्हेक्टरला, म्हणजे इंटरप्टच्या या क्रमांकाला, १६ नं भागून अपूर्णांक सोडला की प्राधान्याचा वर्ग मिळतो: टायमरचा १४, डिस्कचा २. टायमरचं काम 'चालू' असेपर्यंत वर्ग १४ आणि त्याखालचं काहीही आत जाऊ शकत नाही. दुसऱ्या व्हीसीपीयूकडून येणारा २५३ मात्र वर्ग १५ चा, तो जात होता. त्यामुळे हा व्हीसीपीयू मधूनमधून उठायचा आणि जिवंत वाटायचा. नेटवर्कचे इंटरप्ट दुसऱ्याच व्हीसीपीयूवर होते, म्हणून पिंग चालू.

पण त्याचा इन्स्ट्रक्शन पॉइंटर होता रिकाम्या लूपमध्ये, एचएलटीच्या पुढच्या सूचनेवर. एपिक म्हणतो टायमरचा हँडलर चालू आहे, आणि प्रोसेसर झोपलेला! या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत.

शेजारची सहकारी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अरे, त्याला तो इंटरप्ट मिळालाच नसेल तर?"

आम्ही एक रिकामा गेस्ट घेतला, मूळ होस्टवर ट्रेस (घटनांची क्रमवार नोंद) लावला आणि मायग्रेशन पुन्हा पुन्हा चालवलं. तिसऱ्या फेरीत सापडलं: २३६ टाकला, एंट्री, एक्झिट ४८, एंट्री, एक्झिट १२. एंट्री म्हणजे गेस्टमध्ये शिरणं, एक्झिट म्हणजे हायपरवायझरकडे परतणं, आकडा त्याचं कारण. अठ्ठेचाळीस म्हणजे ईपीटी व्हायोलेशन (मेमरीच्या बंद पेजला हात लागणं), बारा म्हणजे एचएलटी. मध्ये ईओआय नाहीच.

मायग्रेशनमध्ये मेमरीची कोणती पेजेस (तुकडे) बदलली हे कळावं म्हणून आमचा हायपरवायझर ती लिहिण्यासाठी बंद करतो. इंटरप्ट पोचवताना प्रोसेसर स्वतःच गेस्टच्या स्टॅकवर पाच नोंदी लिहितो: एसएस, आरएसपी, आरफ्लॅग्ज, सीएस, आरआयपी. स्टॅकचं पेज बंद असेल तर पोचवता पोचवताच एक्झिट होतो. अशा वेळी प्रोसेसर, एंट्रीला कोणता इंटरप्ट द्यायचा ते सांगणाऱ्या फील्डमधला ३१ वा, म्हणजे 'वैध' बिट पुसतो आणि अर्धवट राहिलेला इंटरप्ट आयडीटी-व्हेक्टरिंगच्या फील्डमध्ये नोंदवून ठेवतो. तो तिथून उचलून पुन्हा देणं हे हायपरवायझरचं काम. आमच्या मुख्य वाटेवर ते होतंही. पण काही आठवड्यांपूर्वी याच फॉल्टसाठी एक छोटी जलद वाट आली होती: पेज उघडा, नोंद करा, लगेच आत जा. तिनं ते फील्ड पाहिलंच नव्हतं. तो बदल तपासून मंजूर केला होता मी.

कामात असलेले गेस्ट वाचत होते, कारण त्यांचा स्टॅक बहुतेक वेळा साध्या लिखाणानंच आधी उघडला जायचा; तेव्हा हातात अर्धवट इंटरप्ट नसायचा. रिकाम्या गेस्टचं झोपेतून उठल्यावरचं पहिलं लिखाण म्हणजे इंटरप्टच्याच त्या पाच नोंदी. आमच्या चाचण्या सगळ्या भाराखालच्या.

सकाळचा गेस्ट अजून तसाच होता. बिघाड जुन्या होस्टवर झाला आणि एपिकच्या अवस्थेबरोबर तो नव्या होस्टवर आला होता. व्हीसीपीयूची प्रलंबित घटना बाहेरून लिहिण्याची सोय आमच्याकडे होती. मी त्याला थांबवलं, २३६ हाताने लिहिला आणि चालू केलं. टायमरचा हँडलर धावला, ईओआय आला, आयएसआर रिकामं झालं, लगेच ३७ आत गेला. सकाळपासून उघडी ठेवलेली लॉगिनची खिडकी हलली आणि प्रॉम्प्ट आला. आम्ही दोघं काही क्षण नुसतं त्याच्याकडे बघत राहिलो.

दुरुस्ती सोपी होती: आयडीटी-व्हेक्टरिंगच्या फील्डचा वैध बिट लागलेला असेल तर जलद वाट सोडून मुख्य वाटेनं जायचं. नव्या चाचणीत एकच टायमर असलेला रिकामा गेस्ट ठेवला आणि प्रत्येक एचएलटीनंतर त्याची सगळी पेजेस बंद केली. जुन्या कोडवर तो टायमरच्या पहिल्याच ठोक्याला अडकला. नव्यावर रात्रभर चालत ठेवून मी घरी गेलो. सकाळी आयएसआर रिकामं होतं.