जुनंच चांगलं

नवतपाचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतला, चौथा दिवस. कुलरमध्ये दुपारपासून दोनदा पाणी भरलं, तरी झोप नाही. पण लिहायला बसले ती उन्हामुळे नाही, धाकटीच्या एका वाक्यामुळे.

तिनं अत्तराची नवी बाटली पुढे केली. कागदाच्या पट्टीवर एकदा फवारली, मी नाकाशी धरली आणि अर्ध्या मिनिटात निकाल देऊन मोकळी झाले: "साखरेचा पाक." ती चिडली नाही. टोपण लावलं आणि म्हणाली, "तुला सगळं जुनंच चांगलं वाटते. अन् तुझ्या त्या हिरव्या टोपणवालीला आजीच्या ट्रंकेचा वास येऊन राहिला, सांगू का?"

सांगू का म्हणेपर्यंत सांगून झालं होतं.

बस, एवढंच. नंतर दोघींनी टरबूज खाल्लं. पण ते 'जुनंच' कालपासून कानात फायासारखं खोचून बसलंय.

पाक म्हटलं ते काही उगाच नाही. त्या बाटलीत एथिल माल्टॉल आहे आणि ते सढळ हातानं घातलंय. माल्टॉल निसर्गात मिळतो, भाजलेल्या धान्यात, साखर करपते तेव्हा. एथिल माल्टॉल मात्र माणसानं केलेला, माल्टॉलपेक्षा चार ते सहा पट तेज. पांढरी भुकटी, वास थेट जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा. १९९२ साली मुग्लरच्या 'एंजल'मध्ये तो पॅचुलीच्या पानांच्या मातकट, कडवट ओझ्याखाली दाबून बसवला होता, म्हणून ते अत्तर गोड असूनही गुळचट नव्हतं. त्यानंतर गोडाची रांगच लागली. पुढच्यांनी गोड ठेवलं आणि ओझं काढून टाकलं. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मी पुराव्यानिशी मांडू शकते.

मग टोचतंय काय?

टोचतंय हे, की पट्टीवरून अर्ध्या मिनिटात निकाल देऊ नये हे मीच सगळ्यांना सांगत असते. पट्टीवर फवारल्यावर पहिलं अर्धं मिनिट नुसतं अल्कोहोल उडतं, तेव्हा नाक जवळ न्यायचंच नाही. मग दहा-पंधरा मिनिटं जे येतं ते लिंबू-संत्र्याच्या सालीचं, ती नुसती पाटी, दुकान आत आहे. खरं अत्तर तासाभरानं सुरू होतं आणि चार तासांनी कळतं. पट्टीवर पेन्सिलनं नाव आणि वेळ लिहायची, कारण बॉलपेनच्या शाईलाही वास असतो. एका बैठकीत तीन, फार तर चार. मध्येच कॉफीच्या बिया हुंगायला देतात तो नुसता देखावा. आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतला तरी नाक तेवढंच ताळ्यावर येतं. शेवटी अंगावर, कारण कागदाला घाम नसतो. मनगटावर लावलं तर दुसऱ्या मनगटावर घासायचं नाही. घासल्यानं अत्तर 'मोडतं' वगैरे काही नाही, फक्त चामडी गरम होते आणि सुरुवात लवकर उडून जाते.

हे सगळं तोंडपाठ. आणि तिच्या बाटलीला अर्धं मिनिट.

उन्हाचंही आहेच. पंचेचाळीस डिग्रीत अत्तराचा क्रम कोसळतो. हलकं आधी, जड नंतर, अशी ओळीनं सुटायची चीज सगळी एकदम सुटते. सालीचा भाग पाच-सात मिनिटांत संपतो आणि खालचं व्हॅनिला, साखर, अंबर घामासोबत फुगून वर येतं. परदेशातल्या थंड हवेत नीट वाटलेली बाटली नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीत नकोशी होते ती अशी. म्हणून मे महिन्यात गोड अत्तर एक फवारा, तोही कपड्याच्या आतून, पोटावर. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, ते पुरतं. पांढऱ्या कपड्यावर तर नाहीच. व्हॅनिलिन हवेनं तपकिरी पडतं, डाग जात नाही. तिनं परवा चार फवारे मारले होते, पांढऱ्या कुर्त्यावर. बोलले नाही. बोलले असते तर तेही 'जुनंच' झालं असतं.

खरं म्हणजे मला कुणी म्हातारी म्हटल्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते नाकाला म्हातारं म्हटल्याचं.

आपण ज्याला जुनं आणि म्हणून अस्सल म्हणतो, ते तरी काय होतं? १८८२ सालचं उबिगांचं 'फुजेर रोयाल' उभं होतं सुक्या गवताच्या वासाच्या कूमारिनवर, आणि ते कूमारिन पर्किन या रसायनतज्ज्ञानं १८६८ मध्ये प्रयोगशाळेत केलेलं. १९२१ चं शनेल नंबर पाच म्हणजे गुलाब-जाईच्या ताटव्यावर एर्नेस्त बो या अत्तरकारानं ओतलेली अल्डिहाइडं, म्हणजे साबणी-मेणचट वासाची रसायनं. १९६६ च्या दिओरच्या 'ओ सोवाज'मध्ये रुद्नित्स्कानं जाईच्या वासाचं हेडिओन घातलं, तेही कारखान्यातलंच. त्या-त्या काळात या सगळ्या नव्या बाटल्याच होत्या. तेव्हाही कुठल्या तरी मावशीनं पट्टी हुंगून नाक मुरडलं असणारच. त्या मावशीचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही.

अल्डिहाइडावरून सांबार आठवला, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. आमच्याकडे आलूबोंड्यावर भुरभुरला की एकजण हटकून बाजूला काढतो, "साबण लागून राहिला" म्हणतो. नखरा नाही तो. सांबाराच्या पानांतला वास याच अल्डिहाइडांच्या कुळातला, आणि काहींच्या नाकात त्याची साबणाची बाजू जास्त ठळक उमटते. नंबर पाच हुंगून नव्या पोरी "साबण" म्हणतात तेव्हा मी आतून हसत असे, यांना कळत नाही म्हणून. आता विचार केला तर त्यांना बरोबरच कळत होतं. अल्डिहाइडं पुढे साबणातही आली. त्यांनी साबण आधी हुंगला, अत्तर नंतर. मी उलटीकडून आले, एवढाच फरक.

आणि याच्याही पुढची गोष्ट आज दुपारी डोक्यात आली, तेव्हा जरा घामच फुटला. कस्तुरीच्या जातीचे जे मोठे कृत्रिम रेणू असतात, गॅलॅक्सोलाइड वगैरे, ते पुष्कळ माणसांना येतच नाहीत. बाकी नाक ठणठणीत, नेमका तेवढाच वास गायब. एकाला तेच अत्तर धुतलेल्या चादरीसारखं मऊ लागतं, शेजारच्याला तिथे नुसती पोकळी. मला यातले दोन येत नाहीत हे मला माहीत आहे. नव्या बाटलीत साखरेला सावरायला खाली हीच मंडळी असतात. म्हणजे तिला साखर आणि चादर असं दोन्ही आलं असणार, मला फक्त साखर. जे मला आलंच नाही त्यालाही मी नापास करून ठेवलं.

आता हिरव्या टोपणवालीकडे यावंच लागेल. टाळत होते.

ती शिप्र घराण्यातली. कोतीनं १९१७ साली काढलेल्या 'शिप्र'वरून या घराण्याला नाव पडलं: वर बर्गामो या लिंबाच्या जातीच्या फळाची साल, मध्ये फुलं, खाली लॅब्डेनमचा चिकट डिंक आणि ओकमॉस. ओकमॉस नाव भारी, पण चीज ओळखीची. आपल्या सावजी मसाल्यातल्या दगडफुलाचं चुलत भावंड. दगडफूल कोरड्या तव्यावर टाकलं की जो ओला, सालीसारखा, किंचित शाईचा वास उठतो, तोच जंगलाच्या अंगानं गेला की ओकमॉस. मला शिप्र का आवडतं याचं उत्तर पॅरिसात कशाला शोधायचं, मसाल्याच्या डब्यातच आहे.

पण ओकमॉसमधल्या अॅट्रानॉल आणि क्लोरोअॅट्रानॉल या दोन घटकांनी अनेकांच्या चामडीला अॅलर्जी होते. युरोपीय संघानं २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदीचा नियम केला आणि ऑगस्ट २०२१ पासून ते असलेला माल तिथे विकायलाच बंदी आली. आता ते दोन काढून टाकलेलं ओकमॉस वापरतात, उणीव पॅचुली आणि कृत्रिम मॉसनं भरतात. टोपण तेच, नाव तेच. माझ्याकडे दोन बाटल्या आहेत, एक वीस वर्षांपूर्वीची, तळाशी बोटभर उरलेली, एक परवाच्या दिवाळीतली. आज दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. नव्यात बर्गामो चकचकीत, फुलं नीट, आणि खाली जिथे ओली माती पाहिजे तिथे घासलेली फरशी. जुन्यात माती आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला नेलपॉलिश आणि टर्पेंटाइन ओलांडावं लागतं.

हे कुणी केलं? मीच. संत्र्याच्या सालीतलं तेल नव्वद टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं, लिंबाच्या सालीतही तेच जास्त, बर्गामोतही बरंच. लिमोनीनला हवा आणि ऊब लागली की ते आंबटतिखट होतं. बाटली अर्धी झाली की आत अर्धी हवा. त्यात माझं कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं, मे महिन्यात भिंतीला हात लावून दाखवा. वीस उन्हाळे त्या भिंतीनं ती शिजवली. त्यात ती फवाऱ्याची नाही, बोट लावायची बाटली, प्रत्येक वेळी बोटाचं तेल टोपणावाटे आत. अत्तर ठेवायचं पंधरा-वीस डिग्रीत, अंधारात, काठोकाठ भरलेलं. हेही मला तोंडपाठच आहे.

म्हणजे तिनं ट्रंक म्हटलं ते बरोबर होतं. मला ट्रंक येत नाही, कारण मी बाटली उघडायच्या आधीच मनात तो वास काढून ठेवलेला असतो. बाटलीतून येतं ते त्याच्या खाली दडपलं जातं. मग गेली कित्येक वर्षं मी नक्की कोणत्या बाटलीची बाजू घेतेय? जी बिघडली तिची, की जी बदलली तिची?

इथे थोडा वेळ रडू आलं, खोटं कशाला लिहू. मग माठातलं पाणी प्यायले. त्यात वाळ्याची जुडी होती आणि एकदम हसूच आलं. जुन्याचा एवढा अभिमान, तर जुनं म्हणजे १९१७ कशाला? कन्नौजला वाळा, गुलाब, केवडा अजूनही देग-भपक्यानं काढतात. तांब्याच्या देगेत माल आणि पाणी, झाकणाच्या फटीला चिकणमाती, वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, भपका हौदाच्या पाण्यात बुडवलेला आणि त्यात आधीच चंदनाचं तेल. वाफ तेलात उतरते, गार झाल्यावर खालचं पाणी काढून पुन्हा देगेत, असं दिवसांमागून दिवस. देग तांब्याची, म्हणून रूह खस, म्हणजे वाळ्याचं निखळ तेल, हिरवट झाक घेऊन उतरतं.

पण तिथेही जुनं तसंच राहिलंय असं नाही. चंदन इतकं महागलं की स्वस्त अत्तरात खाली आता डायएथिल थॅलेट हे बिनवासाचं रसायन, नाहीतर सरळ पॅराफिन. पॅराफिन पकडता येतं: थेंबभर अत्तर शुद्ध स्पिरिटमध्ये टाकलं की दुधाळ होतं किंवा वेगळं तरंगतं. थॅलेट विरघळून जातं, तिथे ही युक्ती फसते. मग कागदावर थेंब टाकून दोन दिवस थांबायचं. खाली चंदन असेल तर मऊ, दुधट काहीतरी उरतं. थॅलेट असेल तर अत्तर गेलं की गेलंच. मोमिनपुऱ्यातला म्हातारा दुकानदार हे न सांगताच ओळखतो, आणि स्वस्तातली कुपी मागितली की "लावायला घेताय की ठेवायला?" एवढंच विचारतो.

संध्याकाळी नवीची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी रीतसर. सुती ओढणीच्या टोकाला एक फवारा, सहा दहाला. पहिला तास पाकच, मत बदललं नाही. दुसऱ्या तासाला साखरेची तार तुटली, पिस्त्याच्या सालीसारखं काहीतरी कोरडं वर आलं. दहाच्या सुमारास ओढणी वाळत टाकल्यासारखी कुलरसमोर धरली आणि त्या झुळकेत खारट, लाकडी, स्वच्छ असा वास आला. अंब्रोक्सान, अंबराच्या वासाचा कृत्रिम रेणू. साधं, पण नीट बसवलेलं. माझ्या दिवाळीतल्या हिरवीची पट्टी तोवर कोरी झाली होती. पुन्हा पुन्हा हुंगली. कोरीच.

तिला हे सांगावं का? सांगितलं तर "मग? म्हटलं नव्हतं?" हे ऐकावं लागेल. तरीही पाक तो पाकच, चार तास थांबल्यावर चांगलं लागणारं अत्तर पहिले दोन तास अंगावर वागवायचंच आहे ना. तिच्या अत्तरात म्हातारीचे केस, माझ्यात म्हातारीची ट्रंक. काही फार लांबचं नातं नाही.

झोपायच्या आधी दोन्ही हिरव्या स्टीलच्या डब्यात घालून दिवाणाखाली सरकवल्या, भिंतीपासून लांब. आणि लाइट घालवताना दिसलं, धाकटी आपली नवी बाटली खिडकीतच विसरून गेली होती. नवतपात, पश्चिमेच्या खिडकीत, टोपणसुद्धा अर्धवट. काच अजून कोमट होती. दोन मे महिने असे काढले असते तर तिच्याही बाटलीला ट्रंकेचा वास आला असता.

टोपण दाबून लावलं. ठेवली डब्यात, हिरव्यांच्या शेजारी.