व्हेगसमध्ये रोमन पास्ता

आजचं जेवण फाउंटनब्लू हॉटेलमधल्या मदर वुल्फ रेस्टॉरंटला. हॉटेल डिसेंबर 2023 मध्ये उघडलं, तरी शनिवारी सातचं टेबल आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, साडेपाचचं बघा. काचो ए पेपे हा रोमन पास्ता मागवा: सॉसमध्ये चीज, मिरपूड आणि पास्ता उकळलेलं पाणी, बस्स. सॉस चकचकीत आहे तोवरच खायचा. फोटो काढत बसलात की चीज आळतं, पास्त्याचा गिचका होतो. (लोक तरी काढतातच.) शाकाहारी मंडळींनो, यातल्या पेकोरिनो रोमानो चीजमध्ये कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, मेनूत ते बहुधा लिहीत नाहीत. बिलावर साधारण 8.4 टक्के कर, शिवाय 18 ते 20 टक्के टिप. ग्रुप मोठा असेल तर टिप बऱ्याचदा बिलातच लावलेली असते. नीट वाचा, नाहीतर दोनदा द्याल.